विद्यापीठ कर्मचाऱ्यांचं संगणक प्रशिक्षण : सुरुवात टेबलापासून

परीक्षा विभागातल्या एका मॅडमनी दोन दिवस मान मोडून सहाशे चाळीस मुलांची यादी एक्सेलमध्ये टाईप केली. नाव, विषय, केंद्र आणि सोळा आकडी पीआरएन, म्हणजे विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, "सर, मी नीट टाईप केलंय हो, पण सगळ्यांचा शेवटचा आकडा शून्य दिसतोय." जाऊन पाहिलं तर खरंच. एक्सेल संख्येचे पहिले पंधराच आकडे धरून ठेवतं आणि सोळाव्याच्या जागी शून्य घालतं. नंबर ओळीने दिलेले, त्यामुळे दहा-दहा मुलांचा एकच पीआरएन झाला होता. टाईप करायच्या आधी तो कॉलम 'टेक्स्ट' करून ठेवला असता तर काही झालं नसतं. नंतर टेक्स्ट केला तर गेलेला आकडा परत येत नाही. दोन दिवसांचं काम पुन्हा.

मॅडमची नोकरी सव्वीस वर्षांची. कुठल्या कपाटात कुठल्या सालचं लेजर आहे ते डोळे मिटून सांगतील. एमएससीआयटी झालेली, प्रमाणपत्र सेवापुस्तकात लावलेलं. २००१ मध्ये एमकेसीएलने (महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने) हा संगणक साक्षरतेचा कोर्स आणला आणि सरकारी-निमसरकारी नोकरीतल्या लाखो माणसांनी पहिल्यांदा माऊसला हात लावला, तो याच कोर्समुळे. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण तो सगळ्यांसाठी एकच होता. परीक्षा विभाग, पात्रता विभाग (मुलांची प्रवेशाची पात्रता तपासणारा), लेखा, आस्थापना, आवक-जावक यांची कामं वेगळी आणि प्रत्येकाच्या खोड्याही वेगळ्या. त्या खोड्या कुठल्याच तयार अभ्यासक्रमात नसतात.

पुण्यात शिक्षणसंस्थांच्या कार्यालयांत बरीच वर्षं हे वर्ग घेतल्यावर माझं मत पक्कं झालंय. कार्यक्रम आखायचा तो संगणकापासून नव्हे, टेबलापासून. टेबल म्हणजे कार्यालयात म्हणतात ते, "फाईल कुणाच्या टेबलला आहे" मधलं. माझा स्वतःचा पहिला वर्ग साफ फसला होता. मी सीपीयू, मॉनिटर, इनपुट, आऊटपुट असं फळ्यावर काढत बसलो. पहिल्या दिवशी बावीस माणसं होती, चौथ्या दिवशी नऊ. त्यातलेही दोघं एसी होता म्हणून आले होते.

आधी आठवडाभर नुसतं बघा

अभ्यासक्रम लिहायच्या आधी दहा-बारा टेबलांशेजारी खुर्ची टाकून बसा. प्रत्येक ठिकाणी तास-दीड तास पुरतो. शिकवायचं नाही, सुचवायचं नाही, वहीत लिहायचं. मी चारच गोष्टी लिहितो. या टेबलावर काय येतं, इथून काय जातं, कुठली गोष्ट दोनदा टाईप होते आणि अडलं की फोन कुणाला जातो.

तिसऱ्या प्रश्नातून अभ्यासक्रम निघतो. एका ठिकाणी मुलांची तीच नावं प्रवेशाच्या यादीत, पात्रतेच्या यादीत, ओळखपत्राच्या यादीत आणि बोनाफाईडच्या रजिस्टरमध्ये चार माणसं वेगवेगळी टाईप करत होती. चारही ठिकाणी स्पेलिंग वेगळं. मग गुणपत्रिकेवर नाव चुकलं म्हणून मूल खिडकीशी उभं. यावर उपाय टायपिंगचा वेग वाढवणं हा नव्हे. यादी कॉपी करून देता-घेता येणं, एवढंच तिथे शिकवायचं होतं.

चौथ्या प्रश्नातून शिक्षक सापडतो. प्रत्येक विभागात एक जण असतोच, बहुतेक वेळा कंत्राटी, पंचविशीतला, ज्याला दिवसातून तीस वेळा "जरा बघ रे" ऐकावं लागतं. त्याचं नाव वहीत ठळक करा. पुढे लागणार आहे.

ही माहिती गुगल फॉर्म पाठवून गोळा करायचा मोह होतो. तो टाळा. ज्याला प्रशिक्षणाची सगळ्यात जास्त गरज आहे त्याचा फॉर्म शेजारचा भरून देतो, आणि "मला सगळं येतं" वर टिक करतो.

वीस मिनिटांची चाचणी

मग लोकांची पातळी बघायची. प्रश्नपत्रिका नको, काम द्या. पेनड्राईव्हवरची फाईल उघडून सांगितलेल्या फोल्डरमध्ये वेगळ्या नावाने ठेवणं. मराठीत चार ओळींचं पत्र. ते पत्र जोडून मेल. तीस नावांची यादी अकारविल्हे लावणं. दोन पानांची प्रिंट, कागदाच्या दोन्ही बाजूंना. वीस मिनिटं. शेजारी उभं राहून कोण कुठे थांबतं ते टिपून घ्या. गुण देऊ नका आणि निकाल तर मुळीच लावू नका. कार्यालयात अशी गोष्ट चहाच्या टपरीपर्यंत पोचायला दहा मिनिटं लागतात.

यातून ढोबळ तीन गट पडतात. माऊस धरतानाच अवघडणारे, रोजचं काम चालवणारे पण चौकटीबाहेर अडणारे, आणि बरंच येणारे. तिसऱ्या गटाला वर्गात बसवू नका, त्यांना मदतनीस करा. दुसरा गट सगळ्यात मोठा असतो आणि कार्यक्रमाचं खरं फळ तिथेच मिळतं.

तुकड्या पाडताना एक पथ्य आहे. पहिल्या गटात अधीक्षक आणि त्यांच्याच हाताखालचे कनिष्ठ लिपिक एकत्र बसवायचे नाहीत. साहेब प्रश्न विचारणार नाहीत आणि साहेब विचारत नाहीत म्हणून बाकीचेही विचारणार नाहीत. अज्ञान हा छोटा अडथळा आहे. खरी भीती असते ती कालपर्यंत आपल्याला विचारून काम करणाऱ्या पोरांसमोर उघडं पडण्याची. कक्ष अधिकारी आणि वरचे वेगळे, लिपिकवर्ग वेगळा, आणि शिपाई वर्गाचीही स्वतंत्र तुकडी. हो, त्यांनाही घ्या. झेरॉक्स, स्कॅन, टपाल सगळं मामा आणि मावशींच्याच हातून होतं, आणि त्यातले काही जण पुढे बढतीने लिपिक होतात. तेव्हा मग त्यांना कुणी शिकवत नाही.

तुकडी पंधराची. वीस झाले की मागच्या रांगेतले व्हॉट्सॲप बघायला लागतात.

आदेश, वेळ आणि खोली

कुलसचिवांच्या सहीचा कार्यालयीन आदेश निघाल्याशिवाय पहिला वर्ग घेऊ नका. आदेशात दोन वाक्यं हवीतच. एक, प्रशिक्षणाची वेळ कर्तव्यकाळ समजली जाईल. दुसरं, त्या वेळात अमुकचं टेबल तमुक सांभाळतील, नावानिशी. हे दुसरं वाक्य नसेल तर विसाव्या मिनिटाला शिपाई दारात येतो, "मॅडम, साहेबांनी बोलावलंय." माणूस गेला की परत येत नाही.

वेळापत्रक शैक्षणिक कॅलेंडर समोर ठेवून लावा. जून-जुलैत प्रवेश, ऑक्टोबरपासून परीक्षा, मध्ये दिवाळी, मार्चमध्ये लेखा विभागाला श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि एप्रिल-मे पुन्हा परीक्षा. गणपतीच्या दहा दिवसांत पुण्यात कुठलंही प्रशिक्षण लावणाऱ्याला देवच तारो. उरतो तो संक्रांतीनंतरचा काळ, फेब्रुवारी अखेरपर्यंत. सहा आठवडे, आठवड्याला तीन वर्ग, प्रत्येकी दीड तास. सत्तावीस तास होतात आणि पायाभूत गोष्टींना ते पुरतात. परीक्षा विभागाची तुकडी मात्र निकालांचं काम बघून त्यांच्याच सोयीने लावा, नाहीतर निम्मे कॅपवर, म्हणजे उत्तरपत्रिकांच्या केंद्रीय मूल्यांकनाला, असतील.

दिवस सोमवार, बुधवार, शुक्रवार. दुरुस्तीच्या कामासाठी गुरुवारी वीज नाहीतर पाणी जाणं पुणेकरांच्या अंगवळणी पडलंय, तो दिवस सोडलेला बरा. वेळ सकाळची, खिडकी उघडायच्या आधीची मिळाली तर उत्तम. ऑफिस सुटल्यानंतरची मुळीच नको. कुणाला दौंडची गाडी पकडायची असते, कुणी लोणावळा लोकलने जातं, कुणाला पीएमपीएमएलच्या दोन बस बदलायच्या असतात. सव्वासहानंतर माणूस वर्गात बसला तरी त्याचं मन शिवाजीनगर स्टेशनवर असतं.

खोलीचं एकच सांगतो. संगणकशास्त्र विभागाची चकचकीत लॅब मिळाली म्हणून हुरळून जाऊ नका. तिथे नवं विंडोज आणि नवं ऑफिस, आणि टेबलावर जुनं. बटणं वेगळ्या जागी असतात. वर्गात शिकलेलं टेबलावर सापडलं नाही की माणूस म्हणतो, "माझ्या कॉम्प्युटरला हे नाहीच." लॅबमधल्या मशिनवर तेच व्हर्जन टाका किंवा कार्यालयातल्याच मशिनवर शिकवा. आणि मशिन बघायला गेलाच आहात तर विंडोज १० किती टेबलांवर आहे तेही मोजून घ्या. मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. प्रशिक्षणाच्या प्रस्तावासोबत तो आकडा वर गेला तर चार नवी मशिन पदरात पडण्याची शक्यता असते.

मराठी टायपिंगवर कंजुषी नको

सत्तावीस तासांपैकी सहा तास मी यालाच देतो. लोकांना ते जास्त वाटतात. पण कार्यालयाचा पत्रव्यवहार मराठीत आहे आणि सगळ्यात जास्त रडारड इथेच आहे.

गंमत म्हणजे संगणकावर मराठी आणण्यात पुण्याचा वाटा मोठा. सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेची स्थापना १९८८ ची, इथलीच. त्यांचं आयएसएम आणि मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी ही मराठी टायपिंगची सॉफ्टवेअर वापरून पुण्यातल्या कार्यालयांनी वर्षानुवर्षं पत्रं लिहिली. ते फॉण्ट त्या काळी गरजेचे होते. अडचण अशी की त्यांत 'क' हे अक्षर साठवलंच जात नाही. साठवलं जातं एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह, आणि फॉण्ट त्याला 'क'चा मुखवटा घालतो. दुसऱ्या मशिनवर तो फॉण्ट नसला की मुखवटा गळून पडतो आणि कुलगुरूंचं परिपत्रक म्हणून डॉलर, कंस आणि ठिपक्यांची रांगोळी दिसते. युनिकोडमध्ये 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे. मशिन कुठलंही असो, फोन असो, 'क' हा 'क'च राहतो, शोधता येतो, मेलमध्ये चिकटवता येतो. हे सांगायला मी वर्गात एकच पत्र दोन्ही प्रकारे टाईप करून आणतो आणि दोन्हींचा फॉण्ट बदलून दाखवतो. फळ्यावरची अर्ध्या तासाची व्याख्या वाचते.

मग प्रश्न येतो की कीबोर्ड कुठला. इथे हट्ट धरू नये. ज्यांनी टाईपरायटरवर मराठी तीस शब्दांची परीक्षा दिलीय, त्यांची बोटं रेमिंग्टनवर, म्हणजे टाईपरायटरच्याच मांडणीवर, बसलेली आहेत. पन्नाशीनंतर ती बोटं मोडू नका. युनिकोडमध्ये रेमिंग्टन मांडणी देणारी साधनं मिळतात, ती बसवून द्या. जे फोनवर 'kasa' च्या धर्तीवर, म्हणजे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात त्यांना फोनेटिक सोपा पडतो. विंडोज १० मध्ये २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून तो आत दिलेलाच आहे. बाकी सगळ्यांना इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीची प्रमाण मांडणी. पहिले चार दिवस शिव्या खाव्या लागतात, पण स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला हे एकदा लक्षात आलं की वेग येतो.

सेटिंग्जमध्ये भाषा या ठिकाणी जाऊन मराठी जोडायची, आणि विंडोज बटण व स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी-मराठी अदलाबदल करायची. हे प्रत्येकाने स्वतःच्या हाताने करायचं. तुम्ही करून दिलं तर मशिन फॉर्मॅट झाल्यावर पुन्हा तुम्हालाच बोलावणं.

सरावाला उतारे देऊ नका, त्यांचेच शब्द द्या. मी पहिला शब्द देतो 'कर्मचाऱ्यांसाठी'. कार्यालयातल्या दर दुसऱ्या परिपत्रकात तो असतो आणि रफार व अर्धा ऱ्य दोन्ही त्यात आहेत. इनस्क्रिप्टमध्ये इंग्रजी डीच्या बटणावर हलंत, म्हणजे अक्षर अर्धं करणारं चिन्ह, आहे. म्हणजे 'र्म' साठी जे, डी, सी. 'ऱ्य' साठी मात्र शिफ्ट धरून जे, मग डी, मग य, जो तिरप्या रेघेच्या बटणावर आहे. शिफ्ट विसरलं की 'कर्मचार्यांसाठी' असं काहीतरी उमटतं आणि वर्गात हशा पिकतो. त्याच्या मागोमाग 'अधिकाऱ्यांच्या', 'प्राध्यापकांच्या रजा', 'पुनर्मूल्यांकन', 'ज्ञापन', 'क्षमापित'. 'क्ष' आणि 'ज्ञ' वरच्या आकड्यांच्या ओळीत शिफ्टसकट बसलेत, ते सापडले की चेहरे खुलतात.

ज्यांना टायपिंग जमतच नाही त्यांना फोनवर बोलून टाईप करायला दाखवा. गुगलच्या कीबोर्डवरचा माईक दाबून मराठी बोललं की मसुदा तयार होतो, तो स्वतःला मेल करायचा आणि संगणकावर दुरुस्त करायचा. विरामचिन्हं आणि ऱ्हस्व-दीर्घ तपासावे लागतात. पण निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या अधीक्षकांनी याच रीतीने तीन पानी टिपणी पुरी केलेली मी पाहिलीय.

फाईल म्हणजे फाईल नव्हे

हे पहिल्याच दिवशी सांगा. कार्यालयात फाईल म्हणजे नस्ती, जिच्या पोटात पंचवीस कागद असतात. संगणकात फाईल म्हणजे एकच कागद, आणि नस्तीला तिथे फोल्डर म्हणतात. शब्द तोच आणि अर्थ उलटा. "फाईल सेव्ह करा" म्हटलं की जुना माणूस नेमका का गोंधळतो ते मला फार उशिरा कळलं. एकदा ही जोडी फळ्यावर लिहिली की पुढचं सोपं. नस्त्या लावण्यात ही मंडळी आपल्यापेक्षा कितीतरी हुशार आहेत. कपाट म्हणजे ड्राईव्ह, कप्पा म्हणजे वर्षाचं फोल्डर, आत विषयवार नस्त्या.

नावाचा नियमही बारनिशीवरूनच, म्हणजे आवक-जावकच्या नोंदवहीवरूनच, घ्या. जावक क्रमांकाशिवाय कागद बाहेर जात नाही ना, मग फाईलला 'नवीन फायनल २' हे नाव कसं चालेल? आधी साल, मग महिना, मग दिवस, मग विषय. '२०२६-०१-१९ परीक्षक नेमणूक' अशी नावं ठेवली की यादी आपोआप तारखेच्या क्रमाने लागते. डेस्कटॉपवर काहीही ठेवायचं नाही. कारण मशिन बिघडलं की पहिल्यांदा जातं ते डेस्कटॉपवरचं.

एक्सेल, पण सूत्रं नंतर

एक्सेलचे पाच वर्ग. पहिल्या दोनांत एकही सूत्र नाही.

सुरुवात मॅडमच्या पीआरएनने. ज्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी कधीच होणार नाही तो आकडा नव्हे, ते नाव आहे. पीआरएन, आधार, बँक खातं, मोबाईल. असे सगळे कॉलम भरायच्या आधी टेक्स्ट करा. खाते क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर एक्सेल ते शून्य खाऊन टाकतं. बारा आकडी आधार दशांशचिन्ह आणि 'ई' घालून विचित्र दिसतो. तो नुसता दिसण्याचा दोष असतो, आकडा शाबूत असतो. सोळा आकड्यांचं तसं नाही. हा फरक दोन्ही प्रकार टाईप करून दाखवा.

दुसरी गोष्ट क्रमवारीची. नावांचा एकच कॉलम निवडून 'सॉर्ट' केलं तर एक्सेल विचारतं की शेजारचे कॉलमही सोबत घेऊ का. तिथे 'नको' झालं की नावं हलतात आणि गुण जागेवरच राहतात. देशपांडेचे गुण देशमुखला. मी वर्गात ही चूक मुद्दाम करायला लावतो, दहा मुलांच्या खोट्या यादीवर, आणि मग कंट्रोल-झेड दाबून ती मागे कशी घ्यायची ते. चूक करून परत येता येतं हे हाताला कळलं की निम्मी भीती जाते. बटण दाबलं तर काहीतरी उडेल, या धाकाने माणसं वर्षानुवर्षं ठरलेल्या तीन बटणांपलीकडे जात नाहीत.

मग तारखा. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, ते त्या मशिनच्या प्रादेशिक सेटिंगवर ठरतं. जन्मतारखेच्या यादीत हा घोळ झाला तर पात्रता विभाग महिनाभर पत्रं लिहीत बसतो. त्यानंतर वरची ओळ गोठवणं, फिल्टर, दुबार नोंदी काढणं. सूत्रांत बेरीज, मोजणी आणि शेवटच्या वर्गात व्हीलुकअप, म्हणजे एका यादीतली माहिती दुसरीत शोधून आणणारं सूत्र. तेही ज्यांच्या टेबलाला लागतं त्यांनाच. बाकीच्यांनी त्या दिवशी फिल्टरचा सराव करावा.

सगळ्यांना वेड लावणारी गोष्ट मेलमर्ज. एकशेवीस परीक्षकांची नेमणूक पत्रं. एरवी काय होतं? एक पत्र, नाव बदला, प्रिंट, पुन्हा नाव बदला, प्रिंट. सत्तराव्या पत्रात नाव बदलतं आणि विषय आधीच्याचाच राहतो. मेलमर्जमध्ये यादी एक्सेलमध्ये, पहिल्या ओळीत नाव, महाविद्यालय, विषय असे मथळे. वर्डमध्ये पत्राचा मसुदा. 'मेलिंग्ज'मध्ये जाऊन यादी जोडायची, मसुद्यात रिकाम्या जागी मथळे घालायचे, आधी पाच पत्रं बघून घ्यायची आणि मग एकदम सगळी. वर्गात हे खऱ्या यादीवर करा. पहिल्यांदा एकशेवीस पत्रं अर्ध्या तासात निघाली तेव्हा एका मॅडमनी मला विचारलं होतं, "हे दहा वर्षांपूर्वी का नाही सांगितलं कुणी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

प्रिंटरचा एक पूर्ण वर्ग ठेवा. हास्यास्पद वाटेल. पण मदतीसाठी येणारे बरेचसे फोन ए-फोर आणि लीगलच्या गोंधळाचे, निम्मा कॉलम दुसऱ्या पानावर गेल्याचे आणि चुकून छापलेल्या दोनशे पानांचे असतात. प्रिंट द्यायच्या आधी पूर्वदृश्य बघायची सवय आणि एकच पान छापायला शिकणं, एवढ्यानेसुद्धा कागदाची रिमं वाचतात.

मेल आणि पासवर्ड

इथे व्याख्यान नको, तीन प्रसंग पुरेत. पहिला, मॉनिटरला चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी. वर्गाच्या आधी कार्यालयात फेरी मारून किती दिसल्या ते मोजा आणि नावं न घेता फक्त आकडा सांगा. दुसऱ्या दिवशी त्या गायब होतात, निदान ड्रॉवरमध्ये तरी जातात. दुसरा, तीनशे विद्यार्थ्यांना एकच मेल पाठवताना सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसणं. पत्ते 'बीसीसी'त, म्हणजे एकमेकांना न दिसणाऱ्या रकान्यात, टाकायचे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर याकडे चालतंय म्हणून बघता येणार नाही. मुलींचे मोबाईल नंबर असलेली यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं तर कायद्याआधीही गैरच होतं. तिसरा, वरिष्ठांच्या नावाने आलेला "मी मीटिंगमध्ये आहे, ताबडतोब एवढं काम करा" असा मेल. नाव साहेबांचं असतं, पण त्यामागचा पत्ता उघडून बघायला शिकवा. शंका आली तर थेट साहेबांना फोन. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन, दुसऱ्या दिवशी नव्हे.

शिकवणारा

वहीत ठळक केलेली ती नावं आता काढा. बाहेरची संस्था बोलावली तर ती तिच्या स्लाईड्स घेऊन येते आणि 'पात्रता' म्हणजे काय हे तिला तुम्हालाच समजावावं लागतं. शिकवायला कार्यालयातलाच माणूस, सोबत दोन मदतनीस. त्यांना मानधनाची तरतूद प्रस्तावातच करा, कंत्राटी असेल तर आवर्जून. चहा, झेरॉक्स आणि मानधन सोडलं तर खर्च फारसा नाही.

शिक्षकासाठी एकच कडक नियम. शिकणाऱ्याच्या माऊसला हात लावायचा नाही. मी नव्या मुलांना हात पाठीमागे बांधून वर्गात फिरायला सांगतो. "द्या, मी करून देतो" हे वाक्य मायेचं वाटतं, पण कार्यालयाची निम्मी परावलंबिता त्यातूनच आलीय. आणि बोलणं. चोपन्न वर्षांच्या मामांना पंचवीस वर्षांचा मुलगा शिकवतोय, तेव्हा "अहो मामा, असं नाही, इकडे बघा" म्हणायचं, "अरे काय केलंत" नाही.

दीड तास मी असा वापरतो. पहिली दहा मिनिटं काल टेबलावर काय अडलं ते. वीस मिनिटं एकच नवी गोष्ट दाखवायची. पाऊण तास प्रत्येकाने स्वतःच्या टेबलाचं खरं काम घेऊन करायचं. शेवटची पंधरा मिनिटं वहीत लिहायचं, हाताने, स्वतःच्या शब्दांत. छापील नोट्स मी आधी देत नाही. एका मावशींनी वहीत लिहिलं होतं, "डिस्केटचं चित्र = जपून ठेव." यापेक्षा चांगली नोट मला लिहिता आली नसती.

प्रमाणपत्र आणि बुधवारचा तास

प्रमाणपत्र द्या, लोकांना हवं असतं. मात्र हजेरीवर देऊ नका. स्वतःच्या टेबलाचं एक पूर्ण काम करून दाखवल्यावर द्या. लेखाने बिलांची फिल्टर होणारी यादी, आवक-जावकने शोधता येणारं रजिस्टर, मामांनी पंचवीस पानं स्कॅन करून नीट नाव दिलेली एक पीडीएफ.

तीन महिन्यांनी पुन्हा त्याच दहा-बारा टेबलांशेजारी खुर्ची टाका आणि त्याच चार प्रश्नांची उत्तरं लिहा. दोनदा टाईप होणाऱ्या गोष्टी कमी झाल्या का, "जरा बघ रे" तीसवरून कितीवर आलं. जुनी वही शेजारी ठेवली की प्रगती दिसते. जिथे काहीच बदललं नाही तिथे बहुतेक वेळा माणूस शिकलेला असतो. बदलायला तयार नसतात ते त्याचे साहेब. त्यांना अजून सगळं कागदावर हवं असतं. पुढच्या तुकडीत मग साहेबांना घ्यायचं.

आणि दर बुधवारी तीन ते चार शंकांचा तास, कायमचा. येताना अडलेली फाईल आणायची. फोनवर "काहीतरी इंग्रजीत आलंय" असं सांगायचं नाही, स्क्रीनचा फोटो काढून पाठवायचा, हे वर्गातच शिकवून ठेवलेलं असतं. गेल्या वेळी पहिल्याच बुधवारी आलेला पहिला फोटो काळ्याकुट्ट स्क्रीनचा होता. मामांच्या पायाने प्लग निघाला होता.